मोसंबीच्या बहारातलं एक पान

फेब्रुवारीत आमच्याकडच्या एसटीची खिडकी उघडी ठेवावी. धूळ येते, गार वारा कानात शिरतो, शेजारचा माणूस कुरकुरतो. तरी उघडी ठेवावी. परवा मी जालन्याहून परतूरला निघालो होतो. वाटूर फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने तो वास आला, मोसंबीच्या फुलांचा. आधी वाटतं, गाडीत कुणीतरी अत्तर लावून बसलंय. मग गाडी वळण घेते, वास नाहीसा होतो, आणि पुढच्या बागेपाशी पुन्हा येतो. शेजारच्या माणसाने वर्तमानपत्र खाली घेतलं आणि म्हणाला, "बहार चांगला धरलाय औंदा." मी नुसती मान हलवली. त्याला पुढे बोलायचं होतं. पण मी तोवर मनाने परतूरजवळच्या आष्टीतल्या एका पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो होतो.

ती खोली विहाराला लागून होती. विहाराचं वाचनालय म्हणून बांधलेली, पण पुस्तकांचं एकच कपाट. बाकी एक सतरंजी, दोन मोडके बाक आणि मागच्या बाजूला एक खिडकी. खिडकीबाहेर मोसंबीची बाग. त्या बागेचं पाणी दिवाळीनंतर तोडायचे. झाडं मलूल व्हायची, पानं गळायची. नवख्याला वाटावं, बाग गेली. मग जानेवारीत पाणी सोडलं की तीन-चार आठवड्यांत पांढरी फुलं यायची, इतकी की फांदी दिसू नये. दुपारी मधमाश्यांचा आवाज खोलीत एकसारखा भरून राहायचा. त्या आवाजात, दर रविवारी तीन वाजता, चार माणसं एकमेकांना एकेक पान वाचून दाखवायची.

सात-आठ वर्षांपूर्वी मी आष्टीच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. वय एकोणचाळीस. गावात लेखक म्हणून माझी ओळख होती, आणि ती सगळी एका कथेवर उभी होती. त्याच्याही दहा वर्षं आधी ती एका दिवाळी अंकात आली होती. लोकांनी कौतुक केलं, सत्कार झाला, शाल मिळाली. त्यानंतर काही नाही. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "कादंबरी चालू आहे." वही होती, हे खरं. तिची बारा पानं भरली होती. तेराव्या पानावर फक्त तारीख होती, आणि तीही मी दोनदा खोडून नवी टाकली होती.

साळवे गुरुजींनी मला बोलावलं ते एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, तेव्हाच पंचाहत्तरीचे. अंगात खादीचा शर्ट, आवाज इतका हळू की आपण वाकून ऐकायचं. म्हणाले, "सर, तुम्ही लिहिता म्हणे. आमच्याकडं या ऐतवारी. येताना एक पान आणा."

"कशाचं पान?"

"तुमचंच."

मी गेलो, पण पान न घेता. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, असं कारण मनात तयार ठेवलं होतं. मला वाटलं होतं, गुरुजींसारखेच दोन-चार निवृत्त लोक असतील, कविता ऐकवतील, आपण वाहवा म्हणू आणि चहा पिऊन परत येऊ. आत पाहिलं तर सतरंजीवर अय्यूबभाई बसलेले, बाजारपेठेतले टेलर, गळ्यात मापाची टेप तशीच. आणि दाराशी मंदाताई. मंदाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवायच्या. विहाराची झाडलोट त्यांच्याकडे असल्याने खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. मला वाटलं, त्या किल्ली घेऊन परत जायला थांबल्या असतील.

गुरुजींनी आपलं पान वाचलं. ते तेव्हा आपल्या मूळ गावातल्या विहिरींबद्दल लिहीत होते. दर रविवारी एक विहीर. त्या दिवशीची विहीर अशी होती की तिच्या काठाशी त्यांची आई रिकामी घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल का याची वाट बघत. वाचन संपलं. मी "छान" म्हणालो. मग अय्यूबभाई हळूच म्हणाले, "सर, वो लफ्ज यहाँ चलता नहीं. इथं छान म्हणायचं नसतं."

नियम तीनच होते. छान म्हणायचं नाही. ऐकताना आपलं मन कुठे हटलं आणि कुठे चिकटून बसलं, तेवढंच सांगायचं. आणि ज्याने लिहिलंय त्याने उत्तर द्यायचं नाही, सगळं ऐकून घरी न्यायचं. मंदाताई म्हणाल्या, "गुर्जी, माय उभी ऱ्हायली म्हंता, पण उन्हात का सावलीत? मी तिला बघून राह्यले अन् मधीच ती दिसंना." गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि कागदाच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, खिचडी शिजवणाऱ्या बाईचं म्हणणं टिपून घेत होता. मी तोवर असं काही पाहिलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी उत्तरपत्रिकांचं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "हरकत न्हाई," आणि मला एक कोरा कागद दिला. "हे वाचा."

"यात काय आहे वाचायला?"

"एक पान वाचायला जेवढा येळ लागतो तेवढा येळ धरा. आम्ही ऐकतो."

चेष्टा असेल म्हणून मी हसलो. कुणी हसलं नाही. मी कागद समोर धरला आणि ते तिघं खरोखरच ऐकू लागले. अय्यूबभाईंनी मान कलती केली. गुरुजींनी डोळे मिटले. मंदाताई सरळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाहेर मधमाश्या घोंघावत होत्या. त्या तीन मिनिटांत मला माझी सगळी दहा वर्षं दिसली. सत्कार, शाल, खोडलेली तारीख. मी कागद खाली ठेवला.

गुरुजींनी विचारलं, "कुठं मन हटलं?"

मंदाताई म्हणाल्या, "मधी सरांनी घड्याळाकडं बघितलं तव्हा."

लिहिणं ही एकट्याची गोष्ट आहे, असं मी तोवर मानत आलो होतो. आतून आलं तर लिहावं, नाही आलं तर थांबावं. आणि थांबायला मला कुणाची हरकत नव्हती, कारण कुणालाच माझ्या पानाची गरज नव्हती. सत्कार करणाऱ्यांनासुद्धा झालेल्या कथेचं कौतुक होतं, पुढच्या कथेची वाट कुणी बघत नव्हतं. त्या खोलीत पहिल्यांदा असं झालं की तीन माणसांनी माझ्या नसलेल्या मजकुराला जागा करून दिली. घरी परतताना मला ओशाळल्यासारखं वाटलं, आणि का कोण जाणे, दहा वर्षांत पहिल्यांदा हलकंही वाटलं. पुढच्या रविवारी मी अर्धं पान नेलं. अय्यूबभाई म्हणाले, "सर, इथं झोळ पडला बघा. कपडा जास्ती लागला." त्यांनी सांगितलेली चार वाक्यं मी घरी जाऊन काढून टाकली. खरंच काही बिघडलं नाही.

अय्यूबभाई गिऱ्हाइकांच्या मापांवर लिहायचे. कुणाची छाती दर ईदेला वाढत गेली, कुणाचा मुलगा बापाच्या मापाचा झाला. आम्ही हसायचो आणि शेवटी गप्प व्हायचो. मंदाताई मात्र, मी यायच्या आधीपासून, वर्षभर नुसत्या ऐकत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना कुणी लिहा म्हणालं नव्हतं, लिहू नका असंही म्हणालं नव्हतं. आणि त्या बहारात, बाग ऐन फुलात असताना, एका रविवारी त्या म्हणाल्या, "आज मीबी आणलंय."

शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकेची मागची बाजू होती. पेन्सिलीने लिहिलेलं. त्यांनी उभं राहून, शाळेतल्या मुलीसारखं वाचलं.

"मी पहिल्या खेपेला ऊसतोडीला गेल्ते तव्हा माझे दिवस भरत आल्ते. फडावर कोपीत पहाटं मला मुलगी झाली. सगळे आनंदले. तिचं नाव जयश्री ठेवलं. आता ती जालन्याला नर्स हाये."

एवढंच. आता मला सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवशी फार हुशारीत होतो. दोन-तीन रविवार पानं नेली होती, त्यामुळे मला पुन्हा लेखक झाल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "'सगळे आनंदले' इथं माझं मन हटलं. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, थंडीत, पहिलटकरीण बाई, मुलगी झाली, आणि सगळे आनंदले? खरंच?" इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी कागद हातात घेतला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका मोजून दाखवल्या. मंदाताईंना उत्तर द्यायचं नव्हतं, नियमच तो. त्यांनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि सतरंजी झटकायला घेतली.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. किल्ली शेजारच्या बाईने आणून दिली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. सोमवारी फळ्यावर प्रमेय लिहिताना माझा हात मध्येच थांबला. एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या आणि मी तिला वेलांट्या दाखवल्या. तिसऱ्या रविवारी वाचन झाल्यावर अय्यूबभाई म्हणाले, "सर, शिवण तुम्ही उसवली. आता तुम्हीच जा." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले.

मी तसाच निघालो. मंदाताईंचं घर वस्तीच्या टोकाला. ओट्यावर त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर कागद पसरले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर वरवंटा, एकावर तांब्या, एकावर नुसतीच वीट. मला बघून त्या गडबडीने उठल्या.

"जय भीम, सर. या, या. चुकलं माझं, दोन-तीन ऐतवार खाडा झाला."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. तुम्हाला राग आला असेल."

"राग?" त्यांना खरोखरच कळेना. "राग कशाचा, सर? तुम्ही बराबर बोलले. कोन आनंदलं व्हतं तिथं? बिलकुल कोनी न्हाई. तीस वर्सं झाले, मी सगळ्यायला हेच सांगून राह्यले. जयूलाबी हेच सांगितलं, तू झालीस तव्हा सगळे आनंदले. सांगून सांगून मलाबी तेच खरं वाटायलं. कागदावर लिहिलं अन् तुम्ही इचारलं, खरंच का? मंग मी घरी आले अन् बसले. म्हनलं, बघू तर खरं, काय झाल्तं."

त्यांनी कागद एकेक करून माझ्या हातात दिले. सात होते. सातही वेळा तेच पान लिहिलं होतं. दुसऱ्या कागदावर होतं, सासूबाई नाराज झाल्या. तिसऱ्यावर, मालक बाहेर जाऊन बैलापाशी बसले. चौथ्यावर थंडी आली, पाचटाचा वास आला, शेजारच्या कोपीतली बाई आली, तिने पाणी तापवलं आणि बाळाला आपल्या लुगड्यात गुंडाळलं. पाचव्यावर कोपीत कोण कुठे उभं होतं ते सगळं होतं. सहाव्या कागदावर तेच सगळं, आणि शेवटी एकच शब्द, 'मी'. त्यापुढे कोरं. सातव्या कागदावर ते वाक्य पूर्ण झालं होतं.

"त्या बाईनं लेकरू माझ्याजवळ आनलं. म्हनली घे. मी तोंड फिरवलं."

मला गणित येतं. एखादं उदाहरण सुटत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून मांडायचं, हे मी पंधरा वर्षं मुलांना सांगत आलो होतो. पण स्वतःच्या बाबतीत, जिथे सुटत नाही तिथे मी वही मिटत आलो. आणि ही बाई, दीडशे मुलांची खिचडी शिजवून आल्यावर, पेन्सिल घेऊन ओट्यावर बसली होती आणि सासू, नवरा, थंडी, पाचट ओलांडत, एकेक कागद टाकत, स्वतःपर्यंत चालत आली होती. माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसासमोर मी उभा आहे, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

"हे वाचा रविवारी," मी म्हणालो.

मंदाताईंनी कागद गोळा केले. "कसं वाचू? इथं वाचलं म्हंजी उद्या गावभर व्हईल. जयूच्या कानावर गेलं तर? तिला सगळं जग म्हन्तं, तुझ्या मायनं तुला किती कष्टानं शिकवलं. अन् मायनंच..." त्यांनी कागदांची घडी केली. "दुसऱ्याकून कळन्यापरीस मीच सांगावं वाटतंय. पर धीर व्हत न्हाई."

त्यांनी चहा केला, मी पिऊन निघालो. घरी आल्यावर मी बारा पानांची ती वही काढली. कादंबरी एका मोठ्या शहरातल्या माणसाची होती. मी त्या शहरात कधी राहिलो नव्हतो. मी वही बाजूला ठेवली आणि एका सुट्या कागदावर लिहायला बसलो. ज्या वर्षी पाणी अजिबातच नव्हतं, त्या वर्षी वडिलांनी आमची मोसंबीची बाग स्वतःच्या हाताने तोडली. त्यांनी निरोप पाठवला होता, येऊन जा. मी कळवलं, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते पान मी रविवारी वाचलं. गुरुजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता तुम्ही पानात हायत." गेल्या कित्येक वर्षांत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी, आणि ती शाल-श्रीफळापेक्षा किती जड होती, हे ज्याने लिहिलंय त्यालाच कळेल.

त्यानंतर माझं लिहिणं थांबलं नाही. फार मोठं काही झालं असं नाही. कथा झाल्या, काही छापून आल्या, काही परत आल्या. माझी बदली जालन्याला झाली तरी महिन्यातून दोन रविवार मी आष्टी गाठतो. अय्यूबभाईंना आता सुईत दोरा ओवायला नात लागते, पण पान ते स्वतःच लिहितात. गुरुजींच्या विहिरी संपल्या, मग त्यांनी गावातली झाडं घेतली. ऐंशी ओलांडलेला माणूस दर आठवड्याला एक झाड घेऊन येतो. त्यांना कुणी विचारलं, या वयात कशाला एवढं, तर म्हणतात, "तिघं जण वाट बघत बसतेत, रिकाम्या हातानं कसं जावं?" मला वाटतं, यापेक्षा जास्त काही रहस्य त्यात नाही, आणि तरीही ते मला पुरतं उलगडलेलं नाही. चार माणसांच्या वाट बघण्यात असं काय असतं की त्याने एखाद्याच्या आत तीस वर्षं बंद असलेलं दार उघडावं? एसटीत बसून मी पुन्हा पुन्हा त्या बहारातल्या शेवटच्या रविवारापाशी येतो.

तोवर फुलं गळून गेली होती. झाडांवर मिरीएवढी हिरवी फळं धरली होती आणि वाळलेल्या पाकळ्या वाऱ्याने खिडकीतून आत येत होत्या. आम्ही तिघं बसलो होतो. मंदाताई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग तिशीतली एक बाई आली. खांद्याला पर्स, पायात ड्यूटीवरचेच पांढरे बूट.

"ही जयू," मंदाताई म्हणाल्या. "सुट्टी काढून आली. मी बोलावलं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गुरुजींनी सरकून सतरंजीवर जागा केली. जयश्रीला काही ठाऊक नव्हतं. आई लिहिते एवढंच तिला फोनवर कळलं होतं आणि त्याचंच तिला कौतुक वाटत होतं. तिने मोबाईल काढला आणि विचारलं, "आईचा व्हिडिओ काढू का?" मंदाताई म्हणाल्या, "नको. नुसतं ऐक."

त्यांनी उभं राहून वाचायला घेतलं. आता ते पान वाढलं होतं. पहाटेची थंडी, बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज, तापलेल्या पाण्याची वाफ. जयश्री सुरुवातीला हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. सासू आली, हसू कमी झालं. बाप बाहेर गेला, तिने नजर खाली घेतली. मंदाताईंचा आवाज थांबला नाही. "म्हनली घे. मी तोंड फिरवलं." त्या वाचून थांबल्या आणि उभ्याच राहिल्या. आईने लेकीकडे बघितलं नाही आणि लेकीने आईकडे.

अय्यूबभाई टेपच्या टोकाशी चाळा करत होते. त्या पानात माझं मन कुठेच हटलं नव्हतं, आणि नियमाप्रमाणे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. जयश्रीचे डोळे भरून आले होते, पण दवाखान्यात रोज बाळंतपणं बघणाऱ्या त्या मुलीने तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "आई, तू तोंड फिरवलं हे लिहिलंस. मंग परत कव्हा बघितलंस? ते आलंच न्हाई यात."

मंदाताईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी अय्यूबभाईंच्या खिशाकडे हात केला. अय्यूबभाईंनी पेन दिलं. त्या खाली बसल्या, गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहू लागल्या. जयश्री सरकून त्यांच्या शेजारी गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पत्र्यावरचं ऊन उतरत गेलं, बागेत कुणीतरी मोटार चालू केली आणि बंदही केली. मंदाताईंनी लिहिलेलं एकदा स्वतःशी वाचलं. मग मान वर न करता, हळू आवाजात, जणू लेकीलाच वाचून दाखवत, म्हणाल्या,

"दिवस कलला तव्हा मी कूस बदलली. लेकरू जागंच व्हतं."